पंधरा गणवेश आणि सोळावा मुलगा

बास्केटबॉल म्हटले की आपल्या मुलांना मायकेल जॉर्डन आठवतो. परंतु त्याच्या कितीतरी आधी एका कृष्णवर्णीय खेळाडूने अमेरिकेत मैदान गाजवले आणि प्रशिक्षकपदाचा मानही मिळवला. ते म्हणजे बिल रसेल. त्यांची कहाणी आपल्या घराघरांत सांगण्यासारखी आहे.

१२ फेब्रुवारी १९३४ रोजी लुइझियाना राज्यातील मन्रो येथे त्यांचा जन्म झाला. गोऱ्यांकडून होणाऱ्या अपमानांना कंटाळून हे कुटुंब कॅलिफोर्नियातील ओकलंडला आले. बिल बारा वर्षांचा असताना आई वारली. मुलांनी कॉलेजात गेलेच पाहिजे, हा तिचा ध्यास होता. मुलांजवळ राहता यावे म्हणून वडिलांनी ट्रकचे काम सोडून फाउंड्रीत मजुरी धरली.

शाळेत बिल मुळीच चमकत नव्हता. संघाकडे गणवेश पंधरा आणि हा सोळावा! एकच गणवेश दोन मुलांनी आलटून-पालटून घालायचा. तरीही जॉर्ज पॉवल्स या गोऱ्या प्रशिक्षकांनी त्याला संघातून काढले नाही. पुढे शिष्यवृत्ती देणारे विद्यापीठ एकच निघाले, सॅन फ्रान्सिस्कोचे. त्या विद्यापीठाला रसेल यांनी १९५५ व १९५६ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. १९५६ मध्येच मेलबर्न ऑलिंपिकचे सुवर्णपदक आले. नंतर बोस्टन सेल्टिक्सकडून व्यावसायिक खेळाडू म्हणून १३ हंगामांत ११ विजेतेपदे!

टाळ्या मात्र मैदानापुरत्याच होत्या. १९६१ मध्ये लेक्सिंग्टनच्या हॉटेलात त्यांच्या कृष्णवर्णीय साथीदारांना खाणे नाकारले गेले. रसेल आणि त्यांचे सोबती सामना न खेळताच परतले. त्यांच्या स्वतःच्या घरात शिरून गुंडांनी भिंतींवर शिव्या लिहिल्या. मेडगर एव्हर्स यांच्या १९६३ मधील खुनानंतर रसेल मिसिसिपीत गेले आणि तेथे काळ्या-गोऱ्या मुलांचे एकत्र शिबिर घेतले.

१९६६ साली सेल्टिक्सने त्यांना प्रशिक्षक नेमले. अमेरिकेच्या या व्यावसायिक लीगमधील ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. गोऱ्या खेळाडूंना निःपक्षपातीपणे वागवाल काय, असे पत्रकाराने विचारलेच! इतके दिवस हा प्रश्न गोऱ्या प्रशिक्षकांना कोणी विचारला होता? पहिल्या वर्षी विजेतेपद हुकले. १९६८ व १९६९ मध्ये मात्र स्वतः खेळत, संघाला शिकवत त्यांनी ते पुन्हा जिंकले.

आपल्याकडे पाळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले, तरी अस्पृश्य म्हणून हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले. राबायला आम्ही चालतो, हुकूम द्यायला चालत नाही, ही रीत दोन्ही देशांत सारखीच.

पुढे रसेल यांनी सिएटल (१९७३-७७) व सॅक्रामेंटो (१९८७-८८) येथे प्रशिक्षण दिले. सॅक्रामेंटोत अपयश आले. परंतु कर्तृत्व झाकले गेले नाही. २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. ३१ जुलै २०२२ रोजी ते वारले. त्यानंतर लीगने त्यांचा ६ क्रमांक सर्व संघांसाठी कायमचा निवृत्त केला.

मुदखेडच्या मैदानावर आपली मुले-मुली धावतात, कबड्डी-क्रिकेट खेळतात. त्यांना जरूर खेळू द्या, पण खेळाचे वय लवकर सरते. म्हणून शिक्षण सोडू देऊ नका. बारावीनंतर, पदवीनंतर शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत, पंचांच्या परीक्षा आहेत, त्यांची चौकशी करा. संघ निवडणाऱ्यांच्या टेबलापाशीही आपली माणसे बसली पाहिजेत. आणि तिथे बसल्यावर कोपऱ्यात उभ्या असलेल्या सोळाव्या मुलाकडे त्यांचे लक्ष गेले पाहिजे.