बिनतिकिटाचा उन्हाळा : मे महिन्यातली वसई

मे महिन्यातल्या रविवारी सकाळी वसई, नालासोपारा आणि विरार स्थानकांच्या पश्चिमेला उतरणारी गर्दी सरळ दोन भागांत वाटली जाते. एका भागाकडे सॅक, टोप्या, पोहण्याच्या ट्यूब असतात. ही मंडळी रिक्षावाल्यांशी अर्नाळा, नवापूर, राजोडी, कळंबच्या रिसॉर्टचे भाव ठरवत असतात. दुसऱ्या भागाकडे आंब्याची पेटी, कडेवर पोर आणि बेकरीचं खोकं. हे माहेरी, मामाकडे, आजोळी निघालेले. पहिल्या गर्दीला संध्याकाळपर्यंत कृत्रिम धबधबा, बुफे जेवण आणि रेन डान्स मिळतो. दुसऱ्या गर्दीला वसई मिळते.

वसईचा उन्हाळा खुद्द वसईकर कसा घालवतात, हे बघायचं तर या दुसऱ्या गर्दीमागून जायला हवं. त्यात प्रवेशशुल्क लागेल असं जवळपास काही नसतं. वाडी, बावखल, चर्चचं पटांगण, पडका किल्ला आणि समुद्र. घरापासून फार तर अर्ध्या तासावरची ही ठिकाणं, आणि त्यावर अख्खी सुट्टी निघते.

खाडीपासून वैतरणेपर्यंत

दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेचं मुख, पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर आणि पश्चिमेला अरबी समुद्र, अशा चौकटीत हा तालुका बसलेला आहे. २०१४ पर्यंत तो ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये आहे. रेल्वेच्या रुळांनी त्याचे दोन तुकडे केलेत. स्थानकांभोवती इमारतींची दाटी, तर पश्चिमेला समुद्राच्या बाजूने गावांची माळ : सांडोर, रमेदी, पापडी, गिरीज, भुईगाव, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, अर्नाळा.

या गावांत वाडवळ, सामवेदी, भंडारी, पानमाळी, आगरी, कोळी एकमेकांना लागून राहतात. त्यांतली बरीच कुटुंबं पोर्तुगीज काळापासून ख्रिस्ती आहेत, आणि तरी घरातली, बाजारातली, देवळातली नि चर्चमधली भाषा मराठीच राहिली आहे. सामवेदी ख्रिस्ती स्वतःला कुपारी म्हणवतात आणि घरात कादोडी बोलतात. इथली मिस्सा मराठीत होते, भक्तिगीतं मराठीत गायली जातात आणि ‘सुवार्ता’ हे मासिक मराठीत निघतं. त्या मासिकाचे अनेक वर्षं संपादक राहिलेले, नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वेगळा होऊन वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तोही १९९८ च्या मे महिन्यातच.

मे हा मरियामातेचा महिना. गावातल्या आळीआळीत क्रूस आहेत. संध्याकाळी तिथे शेजारी जमतात, जपमाळेची प्रार्थना होते, मग खाऊ वाटला जातो. त्यात लग्नसराई. एका घरी हळद, दुसऱ्या घरी बँड, तिसऱ्या घरी पाहुण्यांच्या गाद्या. त्यामुळे सहलीसाठी माणसं जमवावी लागत नाहीत. ती आधीच जमलेली असतात, फक्त त्यांना घराबाहेर काढायचं असतं.

वाडी आणि बावखल

सकाळचा पहिला मुक्काम वाडीत. वसईची वाडी म्हणजे केळी, नारळ, पानवेल, भाजीचे वाफे आणि फुलझाडं यांची एकात एक गुंतलेली लागवड. या दिवसांत मोगऱ्याच्या कळ्या पहाटे खुडल्या जातात, कारण फुलांच्या टोपल्या सकाळच्या गाड्यांनी दादरला पोचायच्या असतात. आगाशीच्या बाजूला राजेळी केळी सोलून उन्हात वाळत घातलेली दिसतात. काही दिवसांनी ती आक्रसून मधासारखी तपकिरी, चिवट होतात. हीच सुकेळी. आजोळाहून परतणाऱ्या प्रत्येक पिशवीत तिचं एखादं पुडकं असतंच. रस्त्याच्या कडेला ताडगोळे सोलून देणारे बसलेले असतात. वसईत लिंबू सरबताची तहान ताडगोळ्यावर भागते.

वाडीच्या एका कोपऱ्यात बावखल असतं. विहिरीपेक्षा खूप मोठा आणि तळ्यापेक्षा लहान असा हा खोदलेला खड्डा. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरींना गोडं पाणी देतं आणि समुद्राचं खारं पाणी आत सरकू देत नाही. पूर्वी रहाटाने, आता पंपाने हे पाणी वाडीला मिळतं. मुलांच्या लेखी मात्र बावखल पोहण्यासाठीच खोदलेलं असतं. पाठीला रिकामा कॅन बांधून काठावर उभा राहिलेला भाचा आणि पाण्यातून त्याला ‘मार उडी’ म्हणणारा मामा, ही वसईतली पोहण्याची शाळा.

ही बावखलं आता कमी होत चालली आहेत. जमिनीला भाव आला तशी कित्येक बुजवली गेली. १९९० च्या दशकात नव्या इमारतींसाठी गावांतल्या विहिरींमधून टँकरने पाणी उपसलं जाऊ लागलं, तेव्हा फादर दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने त्याविरुद्ध रान उठवलं. त्या आंदोलनातली माणसं आज आजोबा आहेत, आणि बावखलाच्या काठावर बसून नातवंडांवर लक्ष ठेवणं हे त्यांचं उन्हाळ्यातलं काम आहे.

मिस्सा संपल्यावर

दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की चर्चच्या युवा मंडळांना जाग येते. प्रत्येक धर्मग्रामात असं एक मंडळ असतं. त्यात कॉलेजातली मुलं-मुली असतात, नुकतेच नोकरीला लागलेलेही असतात. वर्षभर ही मंडळी गायनवृंदात गातात, नाताळचे देखावे उभारतात, रक्तदान शिबिरं भरवतात. उन्हाळ्यात लहान मुलांची शिबिरं त्यांच्याच अंगावर पडतात. सकाळी गाणी, नाटुकली आणि बायबलमधल्या गोष्टी, दुपारी लगोरी आणि फुटबॉल. शिबिर संपलं की दमलेले ताई-दादा स्वतःची सहल ठरवतात.

सहलीचा पैसा गोळा करायची ठरलेली रीत आहे : पटांगणात हाऊजी लावायची आणि खाण्याचे स्टॉल टाकायचे. आई-मावश्या फुगे तळून देतात. मैदा आणि अंड्याच्या आंबवलेल्या पिठाचे हे गोळे कढईत टाकताच टम्म फुगतात. जमलेल्या पैशांत टेम्पो किंवा बस ठरते. फार लांब जायचा बेत असला तर शेवटच्या आठवड्यात पाच-सहा घरांतून नकार येतो आणि बहुतेक वेळा सहल येते ती भुईगावला, राजोडीला किंवा किल्ल्यात. सायकलने जाण्याजोग्या अंतरावर. पण सकाळची मिस्सा, फादरांचा आशीर्वाद, ‘संध्याकाळी सातच्या आत परत’ ही अट आणि गिटार घेऊन पुढच्या सीटवर बसलेला एक जण, एवढं असलं की सहल पूर्ण होते. युवा मंडळाच्या सहलीत शेजारचे हिंदू मित्रही असतात. एकाच शाळेत शिकलेल्यांना वगळून बस भरत नाही.

मराठ्यांनी मे महिन्यात घेतलेला किल्ला

वसईचा किल्ला स्थानकापासून रिक्षाने अर्ध्या तासाच्या आत येतो. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं इथे तटबंदीच्या आत एक अख्खं शहर नांदलं. जेझुइट, डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन संघांची चर्चं, मठ, न्यायालय, तुरुंग, दवाखाना, वाडे, चौक. १७३९ च्या मे महिन्यात, अशाच कडक उन्हाच्या दिवसांत, काही महिन्यांच्या वेढ्यानंतर चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली प्रसिद्ध घंटा त्यांतलीच मानली जाते. १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईतच. मराठी सत्तेचा एक मोठा विजय आणि एक मोठी माघार, दोन्ही या एका गावाच्या नावावर आहेत.

आज आत झाडी वाढली आहे. भिंतींवर पिंपळ आणि उंबर मुळं रोवून बसलेत, त्यामुळे भर दुपारीही सावली मिळते. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या कबरींच्या शिळा आहेत. मुलं त्यांवरची सालं वाचून हिशेब करत बसतात. नागेश्वराचं देऊळ आहे, वज्रेश्वरीचं आहे आणि चिमाजी अप्पांचा पुतळाही. लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी कुठल्या ना कुठल्या कमानीत असतातच. २०१६ मध्ये कोल्डप्ले या इंग्लिश बँडच्या एका गाण्याच्या चित्रफितीत हे अवशेष दिसले, तेव्हापासून तरुणांना किल्ल्यात जायला आणखी एक कारण मिळालं.

युवा मंडळांचं खरं ठिकाण मात्र जेझुइट चर्चचे अवशेष. लोक त्याला गोन्सालो गार्सिया चर्च म्हणतात. गोन्सालोचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईतला, वडील पोर्तुगीज आणि आई इथली. किल्ल्यातच शिकला, जपानमध्ये व्यापारात जम बसवला, मग सगळं सोडून फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारण्यात आलं, त्यांत तो होता. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी या सर्वांना संत घोषित केलं, आणि वसईचा हा मुलगा भारतात जन्मलेला पहिला संत ठरला. गासचं चर्च त्याच्याच नावाचं आहे. इतिहास शिकवायला वर्ग लागत नाही. चर्चच्या गाभाऱ्यात उभं राहून कुणीतरी ही गोष्ट सांगतं, आणि ऐकणाऱ्यांच्या लक्षात येतं की तो इथूनच, आपल्याच वयाचा असताना, निघाला होता.

समुद्राचं वेळापत्रक

चार वाजले की सगळ्यांची तोंडं पश्चिमेकडे वळतात. दक्षिणेकडून सुरूची बाग, रानगाव, भुईगाव, कळंब, राजोडी, नवापूर, अर्नाळा अशी किनाऱ्याची रांग आहे. वाळू काळसर, किनारा उथळ आणि ओहोटीला समुद्र खूप आत जातो. तेव्हा कडक झालेल्या ओल्या वाळूवर क्रिकेटच्या चार-चार मॅच एकाच वेळी रंगतात. एकीचा सीमारेषेवरचा खेळाडू दुसरीचा यष्टिरक्षक असल्यासारखा उभा असतो. सुरूच्या झाडांखाली चटया पसरतात, डबे उघडतात : तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, चिकन सुकं, कैरी.

हा किनारा आता पूर्वीचा उरलेला नाही. चोरट्या वाळूउपशाने आणि लाटांच्या माऱ्याने तो आत सरकला आहे, आणि सुरूच्या रांगाच्या रांगा उन्मळून पडल्या आहेत. काही युवा मंडळं म्हणूनच सहलीचा पहिला तास प्लास्टिक वेचण्यात घालवतात. कुरकुर होते, पण गोणी भरतात.

उत्तर टोकाला अर्नाळा. गावात दोऱ्यांवर बोंबील आणि अंगणभर जवळा सुकतो. १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी असल्याने मे महिन्यात कोळणींना उसंत नसते. समोरच्या बेटावर अर्नाळ्याचा किल्ला आहे, होडीने काही मिनिटांच्या अंतरावर. १७३७ मध्ये तो मराठ्यांकडे आला आणि वैतरणेच्या मुखावर नजर ठेवण्यासाठी त्याची नव्याने बांधणी झाली. आत गोड्या पाण्याचं अष्टकोनी तळं आहे. चहूकडून खारं पाणी असताना मधोमध हे गोडं पाणी बघून मुलांना जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं बहुतेक वेळा होडीवाला देतो.

वापरात असलेली जागा

या सगळ्या ठिकाणांत एक गोष्ट समान आहे. ती कुणा एकाची नाहीत, किंवा असली तरी सगळ्यांना मोकळी आहेत. अशा जागांचं रक्षण फलकांनी होत नाही, राबत्याने होतं. ज्या बावखलात पोरं पोहतात ते बुजवायला ट्रक आला, तर बातमी दुपारपर्यंत गावभर होते. जे ओस पडलेलं असतं, त्याचा पत्ता भिंत बांधून झाल्यावर लागतो. म्हणून पैसे मोजून धबधबा मिळत असतानाही पोरांना वाडीत, किल्ल्यात आणि किनाऱ्यावर नेणं हा वसईकरांचा हौशीइतकाच व्यवहाराचा भाग आहे.

कसं जाल?

चर्चगेटहून विरार लोकल पकडावी. किल्ला आणि सुरूची बागेसाठी वसई रोडला, गास, निर्मळ, कळंब, राजोडीसाठी नालासोपाऱ्याला आणि आगाशी-अर्नाळ्यासाठी विरारला उतरावं. तिन्ही ठिकाणी पश्चिमेला बस आणि रिक्षा मिळतात. नालासोपाऱ्याला उतरलात तर सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप वाटेत बघता येतो. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याचं उत्खनन केलं होतं.

किल्ला संरक्षित स्मारक आहे. तिथे चूल पेटवू नये, भिंतींवर चढू नये. बावखल गावातल्या कुणाचं तरी असतं, विचारल्याशिवाय उतरू नये. खोलीचा अंदाज काठावरच्या आजोबांनाच असतो. समुद्रावर जाण्याआधी तिथी बघावी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं आणि दुपारी बाराच्या आसपास पूर्ण भरती येते. पुढे रोज ती सुमारे पाऊण तास उशिरा येते, त्यामुळे अष्टमीच्या सुमारास दुपारी ओहोटी मिळते. क्रिकेट खेळायचं असेल तर अष्टमी धरा. पोहायचं असेल तर कोळ्यांना विचारा, आणि ते नको म्हणाले तर वाद न घालता ताडगोळे खायला परत फिरा.