एएमएचचा आकडा काय सांगतो, आणि काय नाही

लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं असतं. कुणीतरी सुचवलं म्हणून रक्ताची एक तपासणी होते आणि रिपोर्टमध्ये एएमएच हे संप्रेरक 'कमी' येतं. त्या दिवसापासून घरात एकच वाक्य फिरू लागतं : बीजं संपत आली, आता घाई करा. या एका आकड्यावरून तरुण मुलींची झोप उडते, सासरी-माहेरी कुजबुज सुरू होते. म्हणून अ‍ॅन स्टायनर या अमेरिकन संशोधक डॉक्टरांचं काम मराठी घरांत नीट पोचायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

गैरसमज : एएमएच कमी, म्हणजे नैसर्गिकरीत्या दिवस राहणार नाहीत.

स्टायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न तपासला. नॉर्थ कॅरोलायनात त्यांनी ३० ते ४४ वर्षांच्या ७५० स्त्रिया निवडल्या. वंध्यत्वाचा पूर्वेतिहास कुणालाच नव्हता, आणि मुलासाठी प्रयत्न सुरू करून त्यांना तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ झालेला नव्हता. रक्त तपासलं आणि मग कुणाला कधी दिवस राहतात याची नोंद ठेवली. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. वय लक्षात घेऊन केलेल्या हिशेबात, एएमएच ०.७ नॅनोग्रॅमपेक्षा कमी असलेल्या स्त्रियांना सहा पाळीचक्रांत दिवस राहण्याची शक्यता ६५ टक्के निघाली, तर एएमएच नॉर्मल असलेल्यांना ६२ टक्के. बारा चक्रांनंतर हेच प्रमाण ८४ आणि ७५ टक्के होतं. कमी एएमएच असणं फायद्याचं, असा याचा अर्थ मुळीच नाही. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं दोन्ही गट सारखेच ठरले, इतकंच. एफएसएच हे दुसरं संप्रेरक वाढलेल्या स्त्रियांमध्येही वेगळं काही दिसलं नाही.

असं का होतं, हे एएमएच कुठून येतं ते पाहिलं की कळतं. अंडाशयात वाढीला लागलेल्या लहान लहान बीजपुटिकांच्या पेशी हे संप्रेरक तयार करतात. पुटिका जास्त असल्या की आकडा मोठा येतो, कमी असल्या की लहान. कणगीत धान्य किती उरलंय ते यातून समजतं, पण त्यातला दाणा उगवेल की नाही, ते समजत नाही. दिवस राहायला एका महिन्यात एकच चांगलं बीज पुरतं. ते चांगलं असण्याची शक्यता मुख्यतः ठरते वयावर, कारण वय वाढतं तसं बीजाच्या गुणसूत्रांत दोष येण्याचं प्रमाण वाढत जातं. एएमएच कमी असलेली २९ वर्षांची मुलगी आणि एएमएच भरपूर असलेली ४२ वर्षांची स्त्री यांची तुलना नुसत्या आकड्यानं करता येत नाही ती त्यामुळेच.

स्टायनरबाईंच्या अभ्यासालाही मर्यादा आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. त्यात दिवस राहिले की नाही हे पाहिलं गेलं, बाळ जन्माला आलं की नाही हे नाही. ज्यांना आधीच वंध्यत्वाचा त्रास आहे, त्यांना हे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत.

गैरसमज : मग ही तपासणी बिनकामाची आहे.

तसंही नाही. टेस्ट ट्यूब बेबीच्या, म्हणजे आयव्हीएफच्या, उपचारांत इंजेक्शनं दिल्यावर साधारण किती बीजं हाती येतील, याचा चांगला अंदाज एएमएचवरून येतो. त्यावरून डॉक्टर औषधाची मात्रा ठरवतात. पीसीओएस या अंडाशयांच्या विकारात हा आकडा बहुधा वाढलेला असतो. 'जास्त म्हणजे उत्तम' असं मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. ज्यांना वंध्यत्वाचा त्रास नाही अशा स्त्रियांना या तपासणीवरून भवितव्य सांगू नये, असं अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१९मध्ये स्पष्ट केलं. आणखी एक : गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना आकडा काहीसा कमी येऊ शकतो. तेव्हा तपासणीच्या आधी डॉक्टरांना गोळ्यांबद्दल जरूर सांगा.

गैरसमज : आयव्हीएफमुळे बीजं लवकर संपतात, गोळ्यांमुळे ती साठून राहतात.

दोन्ही चूक. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत तीनचार लाख उरतात, आणि आयुष्यभरात बाहेर पडतात ती फक्त चार-पाचशे. बाकीची आपोआप विरून जातात, गोळ्या चालू असोत वा नसोत. दर महिन्याला पुटिकांचा एक गट वाढू लागतो, त्यातली बहुधा एकच पूर्ण पिकते. आयव्हीएफची इंजेक्शनं त्या महिन्यात एरवी वाया जाणाऱ्या पुटिकांनाच वाढवतात, पुढच्या साठ्याला हात लावत नाहीत.

चाळिशीच्या आधीच महिनोन्‌महिने पाळी येत नसेल, तर मात्र गोष्ट वेगळी. अंडाशयांचं काम अकाली मंदावलेलं असू शकतं आणि त्याची तपासणी लगेच व्हायला हवी. तिथंही दार पूर्ण बंद नसतं. अशा स्त्रियांपैकी साधारण ५ ते १० टक्के जणींना आपसूक दिवस राहिल्याचं आढळलं आहे.

बाकी जोडप्यांनी वर्षभर नियमित प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर, आणि स्त्रीचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच, डॉक्टरांकडे जावं. दोघांनी जावं. वंध्यत्वाचा त्रास असलेल्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण, एकटं किंवा जोडीनं, सापडतं. तरीही आपल्याकडे बाईचं एएमएच आधी होतं आणि नवऱ्याची वीर्यतपासणी सगळ्यांत शेवटी, तीही आढेवेढे घेत. ही साधी तपासणी पहिल्याच भेटीत करून घ्यावी.