सर्दी झालेल्या वैमानिकाने उडू नये, ते का?

वैमानिक म्हटले की पांढरा शर्ट, खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या आणि देशोदेशींचा प्रवास एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. आता गोंदिया, बारामतीसारख्या ठिकाणीही हे शिक्षण मिळत असल्याने लहान गावांतील मुले-मुलीही त्याकडे वळू लागली आहेत. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळण्यासाठी २०० तास उड्डाण करावे लागते. ते तास भरताना शरीराची जी परीक्षा होते, तिची कल्पना घरच्यांना सहसा नसते.

दिवस पहाटेच सुरू होतो, कारण ऊन चढले की जमिनीवरून तापलेली हवा वर उसळते आणि लहान विमान हेलकावे खाऊ लागते. उड्डाणापूर्वी हवामान पाहणे, विमानाची तपासणी, शिक्षकांच्या सूचना, आणि मग रांग. धुके असले की थांबा, पाऊस असला की थांबा. संध्याकाळी वायुमार्गशास्त्र, हवामानशास्त्र आणि नियमांचा अभ्यास. या ओढाताणीत पहिला बळी झोपेचा जातो. अपुऱ्या झोपेने मनुष्य नेहमी डुलक्या देतोच असे नाही. तो सावकाश विचार करू लागतो, आणि ते त्याचे त्यालाच कळत नाही.

आता सर्दीकडे वळू. आपल्या कानाच्या पडद्यामागील पोकळी एका बारीक नळीने घशाला जोडलेली असते. विमान वर जाताना बाहेरचा दाब कमी होतो. ५,००० फुटांवर तो समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १७ टक्के कमी असतो. तेव्हा कानातील जादा हवा या नळीतून सहज बाहेर पडते. उतरताना मात्र हवा परत आत यावी लागते, आणि सर्दीने नळी सुजलेली असेल तर ती येत नाही. पडदा आत ओढला जातो, असह्य कळ येते, चक्कर येते, क्वचित पडदा फाटतोही. शिकाऊ मुले चालवतात त्या सेस्ना १७२ सारख्या विमानात मोठ्या विमानाप्रमाणे हवेचा दाब राखण्याची सोय नसते. कळ येते ती नेमकी उतरण्याच्या वेळी, आणि विद्यार्थी एकटा उडत असेल तर दांडी हातात घेणारे शेजारी कोणी नसते.

“मग सर्दीची गोळी घेऊन जावे,” असे कोणी म्हणेल. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांनी गुंगी येते. उलटी थांबवणाऱ्या काही गोळ्यांचेही तेच. सुरुवातीच्या उड्डाणांत मळमळणे स्वाभाविक आहे. डोळे एक सांगतात आणि आतल्या कानातील तोल सांभाळणारे द्रव दुसरेच. बहुतेकांना सवयीने बरे वाटू लागते. उपाशी पोटी जाऊ नये, तसे तेलकट भरपेट खाऊनही जाऊ नये.

मद्याबाबत आपल्याकडे नियम कडक आहे. उड्डाणापूर्वी १२ तास मद्य वर्ज्य, आणि श्वासाची तपासणीही होते. इथे आयांनी एक लक्षात घ्यावे: घरून प्रेमाने दिलेल्या द्राक्षासवातही मद्यांश असतो. खोकल्याच्या काही औषधांतही तो असतो.

उन्हाळ्यात काचेने वेढलेल्या त्या छोट्या जागेत घाम फार जातो. वर लघवीची सोय नाही म्हणून मुले पाणीच कमी पितात. त्याने डोके दुखते, लक्ष उडते आणि मूतखड्याला निमंत्रण मिळते. मूतखडा निघाला तर वैद्यकीय तपासणीत तात्पुरते अपात्र ठरण्याची पाळी येते.

या अपात्रतेच्या भीतीनेच विद्यार्थी दुखणे लपवतात. कर्ज काढलेले असते, सोबत्यांचे तास आपल्यापुढे गेलेले असतात. झोप न लागणे, छातीत धडधडणे, उदास वाटणे हे तर कोणालाच सांगत नाहीत. घरचा फोन आला की पहिला प्रश्न, “किती तास झाले?” माझे मत विचाराल तर हा प्रश्न महिनाभर तरी विचारू नये. जेवण, झोप यांची चौकशी करावी. एखाद्या दिवशी “आज नाही उडत” असे मुलाने शिक्षकांना सांगितले, तर त्याला भित्रा म्हणू नये.

ज्यांच्या घरी अजून नुसता विचार चालू आहे त्यांनी शुल्क भरण्यापूर्वीच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. आधी दुसऱ्या वर्गाची आणि व्यावसायिक परवान्यासाठी लागणारी पहिल्या वर्गाचीही. चष्मा असला म्हणून निराश होण्याचे कारण नाही, ठरलेल्या मर्यादेत तो चालतो. रंगांधळेपणा मात्र अनेकदा तपासणीपर्यंत ध्यानातही आलेला नसतो, आणि मुलींपेक्षा मुलांत तो पुष्कळ जास्त आढळतो. ठिपक्यांच्या चित्रांची ती चाचणी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे काही मिनिटांत होते. आणि प्रशिक्षण सुरू झाल्यावर कोणत्याही दुखण्यासाठी दवाखान्यात गेलात तर औषध लिहून घेण्याआधी “मी विमान चालवायला शिकतो आहे” हे डॉक्टरांना सांगा.