मनाचा ताबा कुणाकडे?

1784 साली फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने एक समिती नेमली. फ्रांझ आंतोन मेस्मर या डॉक्टरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ने तेव्हा पॅरिस वेडे झाले होते आणि त्याची शहानिशा करायची होती. समितीत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. रुग्णांना येणारे झटके खरे असले तरी ते कुठल्याही अदृश्य द्रवाने येत नाहीत, त्यांच्या कल्पनेतून येतात, असा निर्वाळा समितीने दिला. तो अहवाल छापून लोकांपुढे आला. दुसरा अहवाल मात्र गुपचूप फक्त राजाकडे गेला. त्यात प्रश्न वेगळा होता. उपचार करणारा पुरुष आणि घेणारी बहुधा स्त्री. अशा अवस्थेत तिचा गैरफायदा घेणे सोपे आहे का? पॅरिसच्या पोलीसप्रमुखाने हेच मेस्मरच्या शिष्याला, देस्लाँला, विचारले होते आणि त्याने ‘होय’ असे उत्तर दिले होते.

मेस्मरच्या या पद्धतीतूनच पुढे संमोहन आले. संमोहनाची भीती तेव्हापासूनची आहे आणि तिचे स्वरूप फारसे बदललेले नाही. संमोहन उपचार सुचवला की माणूस दोन गोष्टी विचारतो. माझ्याकडून नको ते करून घेतील का? आणि माझ्या मनातले सगळे बाहेर पडेल का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत.

मुळात संमोहन म्हणजे झोप नाही. माणूस जागा असतो, ऐकत असतो; फक्त लक्ष एका जागी एकवटलेले असते आणि आजूबाजूचे मागे पडलेले असते. ‘तुमचा हात हलका होऊन वर जातो आहे’ असे सांगितले की काहींचा हात खरोखर वर जातो आणि तो आपण उचलला असे त्यांना वाटतच नाही. सगळा गैरसमज इथून सुरू होतो. हात उचलणारे स्नायू, मेंदू, सगळे त्या माणसाचेच असते. ‘मी केले’ ही जाणीव तेवढी क्षीण होते. नंतर बहुतेकांना सारे आठवते. विसरण्याची सूचना दिली, तर काही जणांना तात्पुरता विसर पडतो आणि ठरलेली खूण मिळताच आठवण परत येते. शिवाय सगळ्यांवर सारखा परिणाम होत नाही. काही थोडी माणसे अतिशय संमोहनक्षम असतात, तेवढ्याच थोड्यांवर जवळजवळ काहीच होत नाही आणि बाकीचा मोठा समाज मधे असतो.

मग माणसाकडून गुन्हा करून घेता येतो का? एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातला एक प्रसंग फार गाजला. ब्लांश विटमान या रुग्णेने संमोहित अवस्थेत, मान्यवरांच्या देखत, खोट्या शस्त्रांनी आणि खोट्या विषाने सांगतील त्याचे ‘खून’ पाडले. पाहुणे उठून गेल्यावर उरलेल्या विद्यार्थ्यांनी तिला कपडे उतरवायला सांगितले. तिने ते केले नाही. तिला जोराचा झटका आला. खून लुटुपुटीचे आहेत हे तिच्या मनात कुठेतरी नोंदले गेले होते. कपडे उतरवणे लुटुपुटीचे नव्हते.

पुढे 1890 मध्ये पॅरिसच्या न्यायालयात गाब्रिएल बोंपार या तरुणीवर खुनाचा खटला चालला. साथीदार मिशेल एरो याने संमोहित करून आपल्याकडून हे करवले, असा तिचा बचाव होता. नान्सीहून आलेले कायद्याचे प्राध्यापक लिएज्वा तिच्या बाजूने तासन्‌तास बोलले, पॅरिसच्या डॉक्टरांनी ते खोडून काढले. एरोला गिलोटिन झाले, बोंपारला 20 वर्षांची सक्तमजुरी.

या वादाला सर्वांत स्वच्छ वळण दिले ते 1965 साली, मार्टिन ऑर्न आणि फ्रेडरिक इव्हान्स यांच्या प्रयोगाने. संमोहित माणसांना विषारी साप उचलायला, तीव्र आम्लात हात घालून नाणे काढायला आणि ते आम्ल साहाय्यकाच्या तोंडावर फेकायला सांगितले. इजा होऊ नये अशी सोय अर्थातच गुपचूप केलेली होती. सहापैकी पाच जणांनी सगळे केले. इथे थांबले असते, तर देस्लाँ बरोबर ठरला असता. पण त्यांनी आणखी सहा जणांना संमोहित झाल्याचे फक्त सोंग करायला सांगितले होते आणि त्या सहाच्या सहा जणांनीही तेच केले. विद्यापीठातला शास्त्रज्ञ आपल्याला खरा धोका पोचू देणार नाही, असा त्यांचा भरवसा होता.

मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. त्याने संमोहन निर्धोक ठरत नाही. धोका कुठे आहे ते कळते. अधिकाराच्या जागेवर बसलेल्या माणसावर आपण जो विश्वास टाकतो, त्याला संमोहनाची गरजच पडत नाही. आपल्याकडे रस्त्यात तोतया पोलीस गाठतो, ‘पुढे चोऱ्या होताहेत, दागिने काढून रुमालात बांधा’ म्हणतो आणि आजी बांगड्या काढून देतात. घरी आल्यावर ‘मला काही सुचलेच नाही, भूल घातली’ म्हणतात. तिथे भूल नसते; घाई असते, दरारा असतो आणि हुकूम पाळायची आयुष्यभराची सवय असते. म्हणूनच उपचाराच्या खोलीत एखाद्याने रुग्णाचा गैरफायदा घेतला, तर ‘इच्छा नसती तर तिने नकार दिला असता’ असे म्हणून त्याला सुटता येत नाही. विश्वास त्याने मोडलेला असतो.

आता गुपिताचे. संमोहित माणूस खोटे बोलू शकतो, गप्प राहू शकतो, डोळे उघडून उठून जाऊ शकतो. लपवायचे ठरवलेले सहजासहजी बाहेर येत नाही. त्याहून मोठा धोका उलट्या दिशेने येतो. जे घडलेच नाही ते आत शिरते. नान्सीचे डॉक्टर बर्नहाइम यांनी एका रुग्णेला एका भीषण अत्याचाराची मनगढंत हकिगत ‘तू पाहिलीस’ म्हणून सुचवली. तीन दिवसांनी चौकशी अधिकारी म्हणून आलेल्या त्यांच्या वकील मित्राला तिने ती बारकाव्यांसह, शपथेवर सांगायच्या तयारीने सांगितली. 1983 साली लॉरेन्स आणि पेरी यांनी अतिशय संमोहनक्षम अशा 27 जणांना ‘त्या रात्री मोठ्या आवाजाने तुम्हाला जाग आली’ असे सुचवले. नंतर 13 जण ती आठवण खरी मानून बसले. अशी आठवण खऱ्याइतकीच ठसठशीत असते आणि तिच्यापायी निरपराध माणूस तुरुंगात जाऊ शकतो. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये संमोहनातून जागवलेल्या साक्षीला दार बंद केले, ते याच कारणाने.

आपल्याकडे हा प्रश्न औषधाच्या वाटेने आला. नार्को चाचणीत सोडियम पेंटोथॉल देतात. ते संमोहन नाही, पण मनात परवानगीशिवाय शिरायचा हक्क कुणाला, हा सवाल तोच. 2004 साली मुंबई उच्च न्यायालयाने अशा चाचण्यांना हरकत घेतली नव्हती. 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात संमतीशिवायची नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग घटनाबाह्य ठरवले. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क आणि मनाचा खासगीपणा, दोन्हींचा आधार त्या निकालाला आहे. मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीच्या नार्को चाचणीची चित्रफीत वृत्तवाहिन्यांवर देशभर दिसली होती, हे इथे विसरू नये. तिथे खासगीपणा मोडला तो कॅमेऱ्याने आणि ती फीत बाहेर देणाऱ्याने.

म्हणून संमोहन उपचार घेणाऱ्याने घड्याळाच्या लोलकाची भीती सोडून कागदाची चौकशी करावी. समोरचा माणूस मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे, की चार दिवसांचा वर्ग करून पाटी लावलेला? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि संमतीवाचून त्याची माहिती वा छायाचित्र माध्यमांना देण्यास मनाई केली आहे. पाटीवाल्याकडून त्या जबाबदारीची हमी मिळत नाही. कोणत्या विषयाला हात लावायचा नाही हे आधीच सांगावे आणि ते नोंदवहीत लिहिले जाते का, ते पाहावे. हवे असेल तर विश्वासातले माणूस खोलीत बसू द्यावे. त्याला नकार मिळाला तर कारण विचारावे. ‘बालपणी तुमच्यावर काहीतरी अत्याचार झाला असणार, तो शोधू’ असे सुरुवातीलाच कुणी ठरवून बोलू लागले, तर तिथूनच परत फिरावे. आणि ध्वनिमुद्रण होणार असेल, तर ते कुणाकडे राहील, किती दिवस राहील आणि कोण ऐकेल, याचे लेखी उत्तर खुर्चीत बसण्याआधी मागून घ्यावे.