आडात आधी पाणी हवं: ख्रिस्ती प्रार्थनेतली मैत्रीभावना

इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आलेलं आपल्या ओळखीत कुणी ना कुणी असतंच. शिबिराच्या शेवटी तिथे 'मंगल मैत्री' शिकवतात. सगळे सुखी असोत, सगळे भयमुक्त असोत, अशी सदिच्छा मनात धरायची आणि हळूहळू तिचा परीघ वाढवत न्यायचा. पाली भाषेत हिला 'मेत्ता' म्हणतात. रविवारच्या उपासनेनंतर बाहेर गप्पा मारताना एखादा विचारतोच, की आपण ख्रिस्ती माणसांनी हे केलं तर चालेल का, आणि चालत असेल तर नेमकं कसं करायचं?

माझं उत्तर असं, की चालतं, पण त्याची बैठक बदलून. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६५ साली 'नोस्त्रा एताते' या जाहीरनाम्यात सांगितलं, की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. पुढे १९८९ साली व्हॅटिकनने ध्यानाच्या पद्धतींविषयी बिशपांना एक पत्र लिहिलं. पद्धतीतलं उपयोगी ते घ्यावं, मात्र प्रार्थना म्हणजे माणसाचा देवाशी संवाद हे विसरू नये, असा त्याचा सूर आहे. आपण प्रोटेस्टंट मंडळीतले असाल आणि मनात शंका असेल, तर आपल्या पाळकांशी आधी मोकळेपणाने बोलून घ्यावं. शंका मनात ठेवून ध्यानाला बसलं, तर सगळा वेळ त्या शंकेतच जातो.

बैठक बदलायची म्हणजे काय? मेत्तेमध्ये सदिच्छा साधकाच्या मनातून निघते. ख्रिस्ती प्रार्थनेत तीच सदिच्छा कुणाला तरी उद्देशून बोलली जाते. 'तो सुखी असो' याऐवजी आपण म्हणतो, 'प्रभू, तू त्याला सुखी ठेव.' या एका फरकामुळे पुढच्या पायऱ्यांचा क्रमसुद्धा थोडा बदलतो.

आधी बसण्याविषयी. रोज ठरलेल्या वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरतात. मांडी घातलीच पाहिजे असं नाही, खुर्ची चालते. पाठ ताठ, तळहात मांडीवर उघडे. क्रुसाची खूण करत असाल तर करावी, मग दोन-तीन मिनिटं नुसतं श्वासाचं येणं-जाणं पाहावं. मुंबईत जन्मलेले जेसुइट फादर अँथनी डिमेलो यांनी १९७८ च्या 'साधना' या पुस्तकात शरीराच्या आणि श्वासाच्या जाणिवेपासून प्रार्थनेकडे नेणारे कितीतरी सराव दिले आहेत. त्यामुळे आपल्याकडच्या ख्रिस्ती लोकांना हे अगदी परकं नाही.

इथेच पहिली चूक होते. शरीर सैल होतं, छातीत ऊब जाणवते आणि वाटतं, हाच पवित्र आत्म्याचा स्पर्श. १९८९ च्या त्या पत्रात याच गोष्टीची सूचना आहे: शरीराला मिळालेला आराम म्हणजे आध्यात्मिक सांत्वन असं धरू नये. ऊब आली तर आभार मानावेत. नाही आली तर काहीच बिघडलेलं नसतं.

आता पहिली पायरी, आणि ती मेत्तेच्या नेहमीच्या क्रमात नाही. कुणालाही काही देण्याआधी आपण घ्यायचं. योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रीतीचा क्रम स्पष्ट आहे: देवाची आधी, आपली नंतर. मार्कच्या दहाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस आठवावा. येशूने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली, असं तिथे लिहिलं आहे. त्यानंतर तो माणूस खिन्न होऊन निघून गेला. म्हणजे त्याने काही चांगलं करून दाखवण्याआधीच ती नजर त्याला मिळाली होती. त्या माणसाच्या जागी आपण उभं राहावं. लोयोलाच्या इग्नेशियस यांनी सोळाव्या शतकात शिकवलेली, शास्त्रातला प्रसंग डोळ्यांसमोर उभा करण्याची रीत हीच. तीन-चार मिनिटं काही बोलू नये, काही मागू नये, फक्त त्या नजरेत थांबावं.

घाईत बहुतेकजण ही पायरी गाळतात. मग तिसऱ्या-चौथ्या माणसापर्यंत पोचता पोचता शब्द कोरडे पडतात आणि वाटतं, आपल्याला हे जमणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शब्द कोरडे वाटू लागले की आपण पुढे रेटू नये, पुन्हा या पहिल्या पायरीवर यावं.

दुसरी पायरी स्वतःसाठी. तीन-चार छोटी वाक्यं ठरवून घ्यावीत आणि ती महिनाभर तरी बदलू नयेत. उदाहरणार्थ: 'प्रभू, तुझी कृपा माझ्यावर असू दे. माझ्या मनातलं भय काढून टाक. तुझी शांती मला दे. तुझ्या प्रीतीत मला ठेव.' सावकाश, एकेका श्वासाबरोबर एकेक वाक्य.

स्वतःला आशीर्वाद मागताना पुष्कळ भाविकांना अवघडल्यासारखं होतं, हा स्वार्थ वाटतो. बाराव्या शतकातले क्लेअरवोचे बर्नार्ड यांनी प्रीतीच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. आपल्याला वाटेल की सर्वांत वरची पायरी देवावर देवासाठी प्रीती करण्याची असेल. पण ती तिसरी. चौथी आणि शेवटची म्हणजे स्वतःवर प्रीती करणं, तीही देवासाठी! शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची आज्ञा आहे, त्यातला 'स्वतः' वगळता येत नाही.

तिसरी पायरी सोपी. ज्याची आठवण येताच चेहरा सैल होतो अशी एक व्यक्ती घ्यावी. तीच वाक्यं, फक्त 'मला'च्या जागी त्या व्यक्तीचं नाव. घोटाळा होतो तो काळजीमुळे. मुलीचं नाव घेतलं की 'तिला नोकरी लागू दे, तिचं लग्न जमू दे' सुरू होतं. तशी मागणी करण्यात गैर काही नाही, पण तिला वेगळा वेळ द्यावा. इथे मुलीला तिच्या अडचणींच्या यादीशिवाय देवासमोर ठेवायचं आहे.

इथे एक फरक सांगावासा वाटतो. पाचव्या शतकात श्रीलंकेत 'विसुद्धिमग्ग' लिहिणाऱ्या बुद्धघोषांनी मेत्तेची शिस्तशीर पद्धत नोंदवली. त्यांनी बजावलं आहे, की हा सराव मृत व्यक्तीला धरून करू नये. कॅथलिक माणसाला हे पटायला जड जातं. २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती लावून आपण ज्यांच्यासाठी प्रार्थना करतो, ती माणसं आपल्या प्रीतीबाहेर कशी जातील? मृतांसाठी प्रार्थना करण्याची आपली परंपरा असेल, तर त्यांना खुशाल आठवावं. मात्र सुरुवातीच्या दिवसांत दुःख ताजं असेल, तर जिवंत माणूसच निवडावा. नाहीतर प्रार्थना रडण्यात विरघळते आणि पुढच्या पायऱ्या राहून जातात.

चौथी पायरी अशा माणसाची, जो आपल्याला ना आवडतो ना नावडतो. सोसायटीचा वॉचमन, बसचा कंडक्टर, दर रविवारी पुढच्या बाकावर बसणाऱ्या आणि पाठमोऱ्याच माहीत असलेल्या बाई. मन इथे लगेच भरकटतं, कारण धरून ठेवायला काही नसतं. त्या माणसाचा एखादा बारीक तपशील धरावा: हातातला डबा, चष्म्याची दोरी. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात वाटेत पडलेला जखमी माणूस त्या वाटसरूच्या ओळखीचा नव्हता, हेही आठवावं.

पाचवी पायरी, जिच्यासाठी खरं तर बाकीचा सगळा खटाटोप. आपल्याला दुखावणारा माणूस. बुद्धघोष म्हणतात, सुरुवात वैऱ्यापासून करू नये. येशूची आज्ञा वैऱ्यावर प्रीती करण्याची आहे. या दोन्हींत मला विरोध दिसत नाही, कारण कुठे पोचायचं ते येशू सांगतो आणि चालायला कुठून लागायचं ते बुद्धघोषांकडून शिकता येतं. पहिल्या आठवड्यात सर्वांत मोठी जखम उघडू नये. रांगेत मध्ये घुसलेला, फोन न उचलणारा, टोमणा मारणारा, असा किरकोळ माणूस घ्यावा.

इथली सर्वांत मोठी चूक मी स्वतः केली आहे. बांधाच्या वादातल्या एका नातेवाइकासाठी मी कित्येक महिने 'देवा, त्याला सुबुद्धी दे' अशी प्रार्थना केली. फार उशिरा लक्षात आलं, की हा आशीर्वाद नव्हताच. ती तक्रार होती, प्रार्थनेचे कपडे घातलेली. त्यावर उपाय एकच: स्वतःसाठी जी वाक्यं म्हटली, तीच शब्दही न बदलता त्याच्यासाठी म्हणायची. 'त्याच्या मनातलं भय काढून टाक' हे म्हणताना पहिल्यांदा मला जाणवलं, की त्यालाही कसलं तरी भय असेल.

भावना येणार नाही, निदान लवकर येणार नाही. दात आवळलेले असले तरी शब्द म्हणावेत. लूकच्या सहाव्या अध्यायात शाप देणाऱ्यांना आशीर्वाद द्यायला सांगितलं आहे. ते कृत्य आहे, आणि कृत्य भावनेची वाट न पाहता करता येतं.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगतो. आशीर्वाद देणं म्हणजे झालेलं बरोबर होतं असं म्हणणं नव्हे. मराठी बायबलमध्ये मत्तयाने दिलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत 'ऋण' हा शब्द आहे. ऋण सोडणारा सावकार 'कर्ज नव्हतंच' असं म्हणत नाही. कर्ज होतं, म्हणून तर ते सोडता येतं. घरात मारहाण होत असेल, कुणी छळ करत असेल, तर आधी सुरक्षित जागी जावं, मदत घ्यावी, लागल्यास पोलिसांत जावं. त्या माणसाकडे परत जाणं हा या प्रार्थनेचा भाग नाही. अशा जखमेसाठी ही पायरी वर्षभर बाजूला ठेवली तरी चालते. तोवर पहिल्या दोन पायऱ्याच कराव्यात.

सहावी पायरी सर्वांसाठी: घर, गल्ली, गाव, देश, सगळी सृष्टी. सातव्या शतकातले निनवेचे इसहाक लिहितात, की दयाळू अंतःकरण माणसांसाठी, पाखरांसाठी, जनावरांसाठी, सैतानांसाठीसुद्धा कळवळतं. ही पायरी दोनच मिनिटांची ठेवावी. साऱ्या जगावर प्रीती करणं फार सोपं वाटतं, कारण जगाने आपला बांध सरकवलेला नसतो.

शेवटी प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणावी आणि उठण्याआधी आज ज्यांची नावं घेतली त्यांतल्या एकासाठी करायची एक छोटी गोष्ट ठरवावी. चौथ्या पायरीवरचा माणूस त्यासाठी उत्तम. माझ्या वॉचमनचं नाव मला चार वर्षं माहीत नव्हतं. एका सकाळी खाली उतरून विचारलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत 'वॉचमन' म्हणावं लागलं नाही.