कालवांच्या अळ्यांचे पहिले दोन दिवस

अमेरिकेतल्या ओरेगनच्या किनाऱ्यावर, नेटार्ट्‌स खाडीकाठी व्हिस्की क्रीक नावाचं कालवांचं बीज तयार करणारं केंद्र आहे. २००७ आणि २००८ साली तिथल्या टाक्यांमध्ये अळ्यांची प्रचंड मरतूक झाली. पहिला संशय जिवाणूंवर गेला. त्यांचा बंदोबस्त झाला, तरी अळ्या मरतच राहिल्या.

खरं कारण पाण्याच्या रसायनात होतं. उन्हाळ्यात तिथे उत्तरेचा वारा सुटला की वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलं जातं आणि खोलातलं थंड पाणी वर येतं. त्यात कार्बन डायऑक्साइड ठासून भरलेला असतो. बराचसा कुजणाऱ्या जैविक गाळातून आलेला, काही आपल्या धुराड्यांचा, ते पाणी दशकांपूर्वी पृष्ठभागावर असताना मुरलेला. हा वायू वाढला की पाण्यातलं कार्बोनेट घटतं. आणि शिंपला घडवायला नेमकं तेच लागतं.

'समुद्र आम्ल झालाय, शिंपले विरघळताहेत' असं सर्रास छापून येतं. मला ते फसवं वाटतं. समुद्राचं पाणी आजही अल्कधर्मीच आहे; पृष्ठभागाचा सरासरी सामू ८.२ वरून ८.१ च्या आसपास आलाय, इतकंच. नेटार्ट्‌सला प्रश्न होता शिंपला घडवण्याच्या खर्चाचा. कालवाच्या अळीला सुरुवातीला खाता येत नाही. अंड्यातली स्निग्धांशाची शिदोरी हीच तिची सगळी पुंजी, आणि तेवढ्यावर साधारण दोन दिवसांत पहिला शिंपला उभा करायचा. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून लहान जीव, पण दोन दिवसांनी त्याच्या वजनात बहुतेक भाग चुन्याचाच. कार्बोनेट कमी असलं की त्याच कामाला जास्त ऊर्जा जाते, शिदोरी आटते. गंमत म्हणजे अळी लगेच मरत नाही. काही दिवसांनी तिची वाढ खुंटलेली दिसते. त्यामुळेच दोष सुरुवातीच्या पाण्याचा आहे हे चटकन कळत नाही. ॲलन बार्टन, बर्क हेल्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हा संबंध शोधनिबंधात मांडला.

तोडगा मात्र अगदी साधा निघाला: टाकीत सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा. शिवाय पाणी पहाटेऐवजी दुपारी भरायचं, कारण तोवर खाडीतल्या समुद्रगवताने उन्हात बराच कार्बन डायऑक्साइड शोषून घेतलेला असतो.