गिरणीची भीती वाटली नाही, मग एआयची का?



मागच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला आणि विषय निघाला एआयचा, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा. एक मावशी म्हणाल्या, "पोरी, मला त्याचं भ्याव वाटतं." बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही.

घरी येऊन विचार केला. पिठाची गिरणी आली तेव्हा बायांनी जातं खुशाल सोडलं. कारण गिरणी फक्त दळते. ज्वारी टाकायची की बाजरी, ते आपण ठरवतो. एआयचं तसं नाही. जुन्या लाखो नोंदी दाखवून त्याला शिकवतात आणि मग ते स्वतः अंदाज बांधतं: हा चेहरा कोणाचा, हे कर्ज बुडेल का, हा अर्ज खोटा तर नाही?

युरोपातल्या नेदरलँड्स देशात पाळणाघराच्या खर्चासाठी सरकार आईबापांना अनुदान देतं. त्यातले संशयास्पद अर्ज निवडायला तिथल्या कर खात्याने २०१३ पासून असंच यंत्र लावलं. ज्यांच्याकडे त्या देशाचं नागरिकत्व नाही, त्यांच्यावर यंत्राचा संशय जास्त. कागदात एखादी सही राहिली तरी सगळं अनुदान परत मागायचे. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली. आणि गंमत बघा (गंमत कसली!), फाईल तपासणाऱ्या कर्मचाऱ्यालासुद्धा यंत्राने ती का निवडली हे कळत नव्हतं. मग आईने विचारायचं कुणाला? शेवटी जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

मला वाटतं, मावशींची भीती अडाणीपणाची नाहीच. बँकेतल्या साहेबांनी नाही म्हटलं तर आपण पाच-सहा जणी जाऊन समोर बसतो, "का नाही?" विचारतो. यंत्रापुढे कसं बसणार?

नंतर कळलं, मावशींची सून अंगणवाडीत पोषण आहार आणायला गेली तेव्हा मोबाईलमध्ये तिचा चेहराच जुळेना. सेविकाताई तिला लग्नापासून ओळखतात, तरी त्यांचाही इलाज चालेना.

तेव्हा पुढच्या बैठकीत अशा बायांची यादी करू. कोणत्या तारखेला परत पाठवलं, मोबाईलवर काय दिसलं, ते लिहून आणा. आधारची झेरॉक्स सोबत असू द्या. ग्रामसंघाच्या लेटरहेडवर अर्ज देऊ आणि पोच घेऊनच येऊ.